आजपासून चौदा दिवस

"ओचा सोड."

भीमा शिपाई हे मला रोज म्हणायचा. वखारीतल्या प्रत्येक बाईला म्हणायचा. संध्याकाळची घंटा झाली की तंबाखूच्या भुकटीनं माखलेल्या आम्ही चाळीस बायका दाराशी रांग लावायचो. एकेकीनं पुढं व्हायचं. अंबाडा सोडून केस झटकायचे. पदर उलटा करून दाखवायचा. मग लुगड्याचा ओचा, पोटाशी खोचलेल्या निऱ्या, सोडून झाडायचा. भीमा हातातल्या छडीनं इकडं तिकडं टोचून बघायचा आणि म्हणायचा, "चल." आम्ही तंबाखू चोरून नेतो का ते बघायला ही झडती. बारा वर्षं मी रोज ओचा सोडत होते. सवय झाली होती. सवय झाली होती हे आज लिहिताना मला त्या झडतीपेक्षा जास्त लागतं.

त्या दिवशी वखारीच्या आवारात माझे व्याही उभे होते. माझी थोरली लेक अकोळ गावात दिलेली. तिचे सासरे गाडी भरून तंबाखूचा पाला घेऊन आले होते आणि काट्यावर नंबर लागायची वाट बघत होते. दारापासून दहा पावलांवर.

व्याह्यासमोर आमच्याकडं बाई डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. त्यांच्यासमोरून जायचं झालं तरी भिंतीकडं तोंड करून जाते. मी भीमाला हळूच म्हणाले, "भीमा, आजच्या दिवस ऱ्हाऊ दे. उद्या दोनदा घे."

अशी विनवणी केली मी. दोनदा घे म्हणाले.

दाराजवळच्या गादीवर दिवाणजी बसलेले. मालक बेळगावला असले की वखार त्यांच्याच हुकमानं चालायची. त्यांनी ऐकलं. "का गं? आजच का? आज काय लपवलंयस?"

"काय न्हाय, दिवाणजी. पाव्हणं हाईत."

"पाव्हणं हाईत तर बघू देत की. चोरी नसंल तर लाज कशाची?"

मी अंबाडा सोडला. पदर उलटा केला. ओचा सोडला. झाडला. आणि त्यातून पाल्याचा एक तुकडा पडला. अंगठ्याच्या नखाएवढा. दिवसभर पाल्यात बसणाऱ्या बाईच्या अंगाला पाला चिकटतो. केसात निघतो, कानात निघतो, घरी गेल्यावर भाकरीच्या पिठात निघतो. चोरायचा असता तर एवढा कशाला चोरला असता?

दिवाणजी उठले. तो तुकडा त्यांनी चिमटीत धरला आणि आवारात ऐकू जाईल असं म्हणाले, "पाव्हणं, बघा तुमची विहीणबाई!"

आवारातले हमाल हसले. व्याह्यांनी आमच्याकडं पाठ केली आणि बैलाच्या मानेवरची जुवाची खीळ उगाच सारखी करायला लागले. खीळ नीटच होती.

त्या वर्षी नागपंचमीला त्यांनी लेकीला माहेरी पाठवलं नाही. कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत गंगू म्हणाली, "आक्का, आत्ताच उठूया. सुपं टाकायची आणि भाईर पडायचं." गंगू आमच्यातली सगळ्यात लहान, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. काल घडलं होतं माझ्याबरोबर, पण पेटली होती ती. दहा-बाराजणी तिच्यामागं उठल्याच.

ताराक्कानं त्यांना खाली बसवलं. ताराक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, माझ्या शेजारच्या चाळणीवर. कमी बोलायची. ती म्हणाली, "पलीकडच्या वखारीत गेल्या साली अशाच उठल्या. काय झालं ठावं हाय न्हवं?"

सगळ्यांना ठाऊक होतं. लढाईचे दिवस, इंग्रज सरकारचं राज्य. तिघींना पकडून नेलं. एकीचं अंगावरचं पोर होतं, तेही महिनाभर तिच्याबरोबर तुरुंगात. संप बेकायदा होता म्हणाले. बेकायदा म्हणजे काय ते त्या तिघींना शिक्षा भोगून आल्यावरही सांगता आलं नाही.

मला ते समजून घ्यायचं होतं. मी संकेश्वरची माहेरवाशीण, तिथल्या शाळेत चौथी झालेली. वखारीत लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटी. माझा भाऊ बेळगावात छापखान्यात खिळे जुळवायचा. त्याला पत्र टाकलं. रविवारी अण्णा आला. घडी घातलेला एक छापील कागद खिशातून काढून त्यानं माझ्यापुढं टाकला.

"सरकारी हुकूम हाय. ह्याचं खिळं मी सोता जुळवल्यात. अक्षर न् अक्षर पाठ हाय."

"आम्हांस्नी कळंल असं सांग."

"लढाई हाय तवर काम बंद करायचं झालं तर चौदा दिस आधी लेखी कळवायचं. मालकाला एक कागद, सरकारला एक. चौदा दिसात काम टाकलं तर तुरुंग. चौदा दिस झाल्यावर टाकलं तर कुणी हात लावायचा न्हाय. मधी सरकारनं भांडण आपल्याकडं घेतलं तर गोष्ट येगळी."

"आणि सगळ्याजणी आजारी पडलो तर?"

अण्णा हसला. "एक आजारी पडली तर ताप. चाळीस पडल्या तर संप."

जाताना दारात थांबून म्हणाला, "पुरी नावं लिव बरं का. अर्ध्या नावाचा कागद सरकारात चालत न्हाय."

मी हो म्हणाले. ऐकलं, पण समजलं नाही. पुढचं सगळं त्या एका गोष्टीवरून झालं, आणि ती चूक माझी होती. दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

नोटीस मी लिहिली. मागणी एका ओळीची: वखारीच्या दारात बायकांची झडती घेतात ती बंद करावी, नाहीतर आजपासून चौदा दिवसांनी आम्ही काम बंद करू. खाली नावं. एकेक बाई यायची, नाव सांगायची, मी लिहायचे, ती अंगठा उठवायची. आमच्या वखारीत कुणाला कोण काय म्हणतं? अकोळकरीण. बेनाडकरीण. शिरप्याची आई. कुर्लीची थोरली जाऊ. ज्या नावानं हाक मारली की ती मान वळवते ते तिचं नाव. मी तीच लिहिली. सदतीस अंगठे उठले. तिघी भ्याल्या. एक प्रत दिवाणजींच्या हातात दिली, एक टपालानं सरकारात धाडली, आणि दिवस मोजायला लागले.

आठव्या दिवशी निरोप आला. सरकारी साहेब निपाणीत मुक्कामाला आलेत, सगळ्यांनी बंगल्यावर हजर व्हावं. दिवाणजींनी अर्ज केला होता की नोटीस बनावट आहे, अशा नावाच्या बायका आमच्या वखारीत नाहीत.

बंगल्याच्या पडवीत टेबल मांडलेलं. साहेब मधे, बाजूला कारकून, आणि दिवाणजींना बसायला खुर्ची. आम्ही सदतीसजणी पायऱ्यांवर उभ्या. कारकुनानं यादी वाचायला घेतली.

"अकोळकरीण." त्यानं वर बघितलं. "शिरप्याची आई. कुर्लीची थोरली जाऊ. साहेब, यात धाकटी जाऊ पण आहे."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. पण हसले. म्हणाले, "बाई, ही नोटीस कुणी लिहिली?"

"मी."

"ही काय नावं आहेत? शिरप्याची आई काम बंद करणार म्हणजे कोण करणार? उद्या गुन्हा झाला तर मी कुणाला धरू, शिरप्याला?"

आमच्यातली एकही बाई आपल्या नावासकट कुठं कागदावर नव्हती. मला लिहिता येत होतं, आणि मीच त्यांना कुणाची तरी आई, कुणाची तरी जाऊ करून सरकारात धाडलं होतं.

"प्रत्येकीनं पुढं यायचं," साहेब म्हणाले. "स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, राहणार कुठं. सांगणार नाही तिचं नाव खोडा."

कुणी हललं नाही.

वाचणाऱ्याला यात काय अवघड असं वाटेल, म्हणून लिहिते. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. नवऱ्याचं नाव गणपती असेल तर ती देवालाही 'ते देव' म्हणते. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं लहानपणापासून कानावर पडलेलं. घ्यायचंच तर लग्नात, हळदीकुंकवाला, उखाण्यात गुंडाळून, तेही चार बायकांत.

दिवाणजींना हे ठाऊक होतं. त्यांच्या घरातही बायका होत्याच. ते खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "साहेब, अशा सांगायच्या न्हाईत त्या. उखाणा घालायला सांगा. हळदीकुंकू मागवू का?"

कारकून खो खो हसला. "हां, घ्या की उखाणा. आम्ही ऐकतो."

आणि गंगू पुढं झाली. बिचारी घाबरली होती. सरकारनं सांगितलं म्हणजे घालावाच लागतो असं तिला वाटलं. मान खाली, दोन्ही हातांनी पदर घट्ट धरलेला, आणि रडक्या आवाजात तिनं सुरू केलं, "निपाणीच्या बाजारात पाल्याचं ढीग..."

दिवाणजींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "वा! पुढं?"

व्याह्यासमोर ओचा सोडला होता. तेव्हा लाज वाटली होती. आता लाज नव्हती. वखारीच्या दारात लुगडं सोडायला लावायचं आणि सरकारच्या दारात मंगळागौर खेळायला लावायची. दोन्ही ठिकाणी बघायला तीच माणसं.

मी गंगूच्या तोंडावर हात ठेवला. "गप. हितं काय वरात न्हाय."

मग मी टेबलापुढं गेले. माझं नाव सांगितलं. मग म्हणाले, "नवऱ्याचं नाव मारुती. राहणार निपाणी. लिवून घ्या." उखाणा नाही, मान खाली नाही. कारकुनाची लेखणी तशीच हवेत राहिली. मी म्हणाले, "मारुती. म ला काना द्या."

मग एकेक आली. काहीजणी पुटपुटल्या, कारकून म्हणाला "मोठ्यानं", त्या मोठ्यानं म्हणाल्या. गंगू डोळे मिटून म्हणाली. एकीला नवऱ्याचं नाव खरंच पटकन आठवेना, तिचं तिलाच हसू आलं. छत्तीस झाल्या.

ताराक्का राहिली. पायरीवरून हलली नाही. तिचा नवरा काळाप्पा आमच्याच वखारीत भुकटी चाळायचा. छाती भरली आणि तो घरी बसला, मग अंथरुणाला लागला. आठ वर्षं खोकत होता. आता थुंकीत रक्त पडायचं. तिनं माझ्याकडं बघितलं. 'मला सोड' असं बघितलं.

मी सोडू शकले असते. छत्तीस नावं पुरली असती. पण दिवाणजी पुढं वाकून बघत होते. एक जरी मागं फिरली असती तरी दुसऱ्या दिवशी वखारीत दहा फिरल्या असत्या. मी म्हणाले, "सांग."

"नगं गं..."

"सांग म्हणते न्हवं?"

तिनं सांगितलं. टेबलावर हात टेकून. "काळाप्पा."

साहेबांनी यादी ओढून घेतली, वाचली, सही केली. मग म्हणाले, "आता ही नोटीस झाली. आजपासून चौदा दिवस."

"साहेब, आठ झालेत."

"ते नावं नसलेले आठ. आजपासून मोजा."

दिवाणजी उठून निघाले. जाताना माझ्याजवळ थांबले. "चौदा दिस लई असतात गं," म्हणाले.

ते चौदा दिवस त्यांनी आम्हाला मोजायला लावले. कायदा आम्हाला नवा होता, त्यांना जुना. चौदा दिवसांत आम्ही चिडून एकदा जरी काम टाकलं तरी नोटीस फुकट आणि आम्ही आत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून चिडवायचं.

तिसऱ्या दिवसापासून झडती सकाळीही. आत येताना. "आत काय चोरून आणणार आम्ही?" बेनाडकरणीनं विचारलं. भीमा म्हणाला, "मला काय इचारतीस? हुकूम." पाचव्या दिवसापासून पाण्याचा माठ आवाराबाहेर. पाणी प्यायला बाहेर गेली की परत येताना झडती. बायका पाणी पिईनाशा झाल्या. भुकटीनं घसे धरलेले, आणि पाणी नाही. मी सगळ्यांना सांगत फिरायचे, "गप. दिस मोजा." माझाच आवाज मला नकोसा झाला. घरी चूल पेटवून भाकरी टाकायची विसरायचे. भांडं घासून परत तेच घासायचे.

सातव्या दिवशी भीमानं छडी बाजूला ठेवली आणि गंगूच्या ओच्याला हात घातला. त्याची हिंमत नव्हती ती, पाठीमागं दिवाणजी उभे होते. गंगूनं हातातलं सूप उचललं. मी तिचं मनगट धरलं. एवढं जोरात की बांगडी फुटली आणि काच माझ्याच हातात गेली.

"सोड मला, आक्का! ह्याचं डोस्कं फोडते."

"फोडशील. पंधराव्या दिशी फोड."

"आज सातवाच हाय!"

"मग आणिक आठ दिस मोज."

ती माझ्या अंगावर ओरडली, भीमाच्या नाही. "तू त्यांचीच हाईस. त्यांचाच कायदा घिऊन बसलीयस."

तिचं खोटं नव्हतं. कायदा त्यांचाच होता. आमचा असता तर वाट बघायला त्यांना लागलं असतं.

नवव्या दिवशी काळाप्पा वारला.

दुपारपर्यंत वखारीत पसरलं. दिवाणजी स्वतः काही बोलले नाहीत. भीमा बोलला, हमाल बोलले, काट्यावरचा मुनीम बोलला. नाव घेतलं, नवरा खाल्ला. साहेबासमोर घेतलं, नऊ दिवसांत गेला. त्याच संध्याकाळी पाचजणी माझ्या दारात. बेनाडकरीण पुढं. "माझं नाव काढ. माझा बी दोन दिस झालं अंगानं तापलाय."

"नाव काढलं म्हंजे घेतलेलं न घेतल्यागत व्हतं व्हय?"

"ते मला कळत न्हाय. तू काढ."

खोटं कशाला बोलू, माझ्याही घरात तेच. मारुतीला त्या आठवड्यात पडसं झालं होतं. एरवी गडी कशाला भ्यायचा नाही. पण शिंकला की माझ्याकडं बघायचा. मी एकदा चिडून म्हणाले, "बघताय काय? मिरी घालून काढा प्या."

सदतीसांतल्या पाच गेल्या असत्या, मग दहा, मग वीस. नोटीस आपोआप मेली असती. दिवाणजींना बोटही उचलावं लागलं नसतं. मी त्या पाचजणींना म्हणाले, "चला माझ्याबरोबर. ताराक्काच्या घरी. तिथं जाऊन सांगा मला."

मला तिथं जायचं नव्हतं. मीच 'सांग' म्हणाले होते. दोनदा म्हणाले होते. पण नाही गेले तर दिवाणजींचं खरं झालं.

ताराक्का भिंतीला टेकून बसलेली. कपाळ रिकामं. तिची सासू मला बघून उठली आणि माझ्या अंगावर आली. "तू घ्यायला लावलंस! माझ्या लेकाचं नाव तू घ्यायला लावलंस!" तिनं माझी दंडाची कातडी नखांनी ओढली. मी उभी राहिले.

ताराक्का म्हणाली, "आत्ती, बसा."

मग आमच्याकडं बघून म्हणाली, "आठ वर्सं खोकत व्हतं माणूस. आठ वर्सांत मी एकदा बी नाव घेतलं न्हाय. तवा कोण मारत व्हतं त्यास्नी?"

तिनं सासूचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"त्या दिशी घरी येऊन मी त्यास्नी सांगितलं. साहेबाम्होरं तुमचं नाव घेतलं म्हनलं. तर हसायला लागले. हसून हसून खोकला आला. म्हनले, कसं घेतलंस? परत घे बघू." ती थांबली. "माझं नाव कागदावर ऱ्हाऊ दे."

बेनाडकरीण पदरानं डोळे पुसत उठली. नाव काढायचं पुन्हा कुणी म्हणालं नाही. मी ताराक्काची माफी मागितली नाही. मागून काय झालं असतं? तिनं मला तेवढी जागाही ठेवली नव्हती.

पंधराव्या दिवशी सकाळी घंटा झाली आणि आम्ही वखारीच्या बाहेर उभ्या राहिलो. सदतीस. सुतकात असलेली ताराक्कासुद्धा, जरा बाजूला, कुणाला शिवणार नाही अशी. भ्यालेल्या तिघी आत गेल्या, घटकाभरानं बाहेर आल्या. फौजदार आला, दोन शिपाई घेऊन. दिवाणजींनी त्याला आमच्याकडं बोट करून दाखवलं. फौजदारानं कागद मागितला. मी दिला. त्यानं तारीख बघितली, बोटांवर मोजलं, सही बघितली. मग दिवाणजींना म्हणाला, "ह्यांस्नी हात लावता यायचा न्हाय," आणि सायकल काढून गेला.

गंगू माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मनगटावर फुटलेल्या बांगडीच्या जागी दोरा बांधला होता.

पाला आत कुजत होता. सौदे अडले होते. संपाच्या दहाव्या दिवशी मालक स्वतः बेळगावहून आले आणि बोलणी करायला साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. टेबल तेच. ह्या वेळी मला खुर्ची होती.

"बसा, बाई," मालक म्हणाले. बारा वर्षांत हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "झालं ते वाईट झालं. दिवाणजींना मी समज दिलीय. इथून पुढं पुरुषानं झडती घ्यायची नाही. बाई ठेवतो. बायकांची झडती बाईच घेईल."

साहेब म्हणाले, "चांगलं आहे. तुमचं ऐकलं."

"आणि ती बाई तुम्हीच व्हायचं," मालक म्हणाले. "तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. चाळणीवर बसायला नको. दाराशी बसायचं, सावलीत. पगार वाढवून."

मी लगेच नाही म्हणाले असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की भुकटी छातीत जाणार नाही. काळाप्पाचा खोकला मी आठ वर्षं आधी वखारीत, मग ताराक्काच्या तोंडून ऐकला होता. माझंही वय चाळिशीच्या पुढं. सकाळी घसा खाकरला की काळं पडायला लागलं होतं. दाराशी सावलीत बसायचं. कोण नाही म्हणेल?

मग मला ते दार दिसलं. रांग दिसली. गंगू पुढं आली, आणि तिला 'ओचा सोड' म्हणणारी मी.

मी मालकांना म्हणाले, "एक इचारू?"

"विचारा की."

"अडते येत्यात वखारीत. नमुना म्हणून मूठ मूठ पाला धोतरात बांधून नेत्यात. दिसाला दहा अडते. त्यांचं धोतर कोण सोडतं?"

साहेबांनी खाली बघून टेबलावरचा कागद सारखा केला.

"ते व्यापारी आहेत, बाई," मालक म्हणाले.

"व्हय. आणि आम्ही चोर. बाईनं झडती घेतली तरी चोरच. तुम्हांस्नी पाल्याची काळजी न्हाय, मालक. पाला मुठीनं जातोय, तुम्ही बघत बसताय. आम्ही वाकून जावं एवढंच तुम्हांस्नी पायजे. त्ये वाकवायचं काम आता माझ्या हातनं करून घ्यायचंय."

साहेब म्हणाले, "बाई, विचार करून बोला. मालकांनी दोन पावलं मागं घेतलीत. तुम्ही इथं सही केली तर उद्या सगळ्याजणी कामावर."

"नोटिशीत काय लिवलंय, साहेब? वाचा. झडती बंद करावी. कुणी घ्यावी हे लिवलेलं न्हाय."

"म्हणजे संप चालू धरायचा?"

"धरा."

मी कागद त्यांच्याकडं सरकवला आणि खुर्चीवरून उठले.

संप आणखी सहा दिवस चालला. मग अंगाची झडती बंद झाली. फक्त भाकरीचं फडकं उघडून दाखवायचं ठरलं. पाण्याचा माठ आत आला. आणि चौघींना कामावर परत घेतलं नाही. मी, ताराक्का, गंगू, बेनाडकरीण. कारण दिलं की आता एवढ्या बायकांची गरज नाही. त्याविरुद्ध काय करता येतं ते मी शोधते आहे. आज मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून गप्प बसायचे दिवस संपले.

पोटाला मी घरी विड्या वळते. ताराक्काही माझ्याकडंच येऊन वळते. गंगूचा नवरा तिला घरात बस म्हणतो, ती बसत नाही. लढाई संपल्यावर कायदा बदलेल म्हणतात. बदलला तर बदललेला वाचेन. तो आमच्यासाठी चांगला असेल असं मी धरून चालत नाही. चांगला नसेल तर त्यात जेवढी फट असेल तेवढीतून आत जाईन.

निपाणीत अजून पुष्कळ वखारी आहेत. प्रत्येकीच्या दारात संध्याकाळी रांग लागते, आणि प्रत्येक दारात कुणीतरी 'ओचा सोड' म्हणायला उभा असतो. पेठेच्या वरच्या अंगाच्या वखारीतल्या बायका परवा माझ्याकडं आल्या होत्या. बावीसजणी. त्यांना ओसरीवर बसवून मी आधी प्रत्येकीचं पुरं नाव सांगायला लावलं. कुणाची कोण हे ऐकून घेतलं नाही. एक तरणी पोर अडखळली, तिला पाणी दिलं आणि पुन्हा सांगायला लावलं.

नोटीस तयार आहे. सोमवारी देणार. मालकाला एक, सरकारला एक. मधले दिवस त्या वखारीचा दिवाणजी काय काय करेल हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे. माठ बाहेर काढेल, अंगाला हात लावेल, घरात मरण झालं तर तेही वापरेल. काय वाट्टेल ते झालं तरी सूप खाली ठेवायचं नाही.

पंधराव्या दिवशी त्या दारातून एकही बाई आत जाणार नाही.